पाकळ्या वर का उडतात?

मेढ्याच्या मंगल कार्यालयात शिवांजलीच्या डोक्यावर पहिल्या अक्षता पडल्या आणि मागच्या भल्यामोठ्या एलईडी स्क्रीनवर गुलाबाच्या पाकळ्या बरसू लागल्या — खालून वर.

वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. वऱ्हाड कशालाही टाळ्या वाजवतं. फक्त नवरीची मावसबहीण, कुंडलची दीपमाला, अक्षता तशाच मुठीत धरून स्क्रीनच्या मागे गेली. तिथे वायरींच्या गुंत्यात एक तरुण लॅपटॉपपुढे उकिडवा बसला होता. कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर मात्र सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय असा भाव.

"ओ स्क्रीनवाले, पाकळ्या वर का उडत्यात?"

त्याने मान वर केली. पाहिलं... आणि दोन क्षण प्रश्न काय होता तेच विसरला.

"नवीन डिझाइन हाय."

"न्हाई. उलटं पडलंय. हे दुसऱ्या मशीनसाठी लिवलेलं दिसतंय; ते पडद्याच्या ओळी खालून वर मोजत असणार, हे वरून खाली मोजतंय. एक उणे चिन्ह घाला."

त्याने घातलं. पाकळ्या गपचूप खाली पडायला लागल्या. वऱ्हाडाने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

त्याचं नाव राजवर्धन, गाव शिराळा. स्क्रीन आणि टेम्पो या धंद्याचा मालक, चालक आणि हमाल तोच. इतर स्क्रीनवाले कुठून तरी आणलेली चित्रं लावतात. हा स्वतः लिहायचा. पडद्यावरच्या एकेका ठिपक्याला कुठला रंग द्यायचा, त्यावर उजेड कसा पाडायचा, हे सांगण्यासाठी खास शेडिंगच्या भाषा असतात. त्यातल्या एका भाषेत दोन वर्षं खपून त्याने एक नाग लिहिला होता. तीन हजार ओळींचा. खवल्याखवल्यावर वेगळी चमक.

हे सगळं त्याने तिला पंगतीत सांगितलं. पंगतीत तो तिच्या शेजारीच कसा बसला, हे मात्र सांगितलं नाही.

"शिराळ्याच्या पंचमीला आता मिरवणुकीत खरा नाग धरत न्हाईत. म्हणून मंडळाला शब्द दिलाय, आमच्या टेम्पोवर माजा नाग डोलंल. आन् मे महिन्यात जुनं मशीनच जळालं की. नव्या मशीनच्या कंपायलरला माजी भाषाच येत न्हाई. पाकळ्यांच्या चाळीस ओळी हातानं बदलल्या, तर त्या अशा उडाल्या. तीन हजार कवा बदलू?"

कंपायलर म्हणजे दुभाषा. माणसाने लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देतो. दुभाष्यालाच भाषा येत नसेल तर नागाने डोलायचं कसं?

"न्हाई डोलला तर?" दीपमालाने विचारलं.

"आण्णांची ऑर्डर हाय. स्क्रीन इकायचा आन् कारखान्यात चिकटायचं."

आण्णा म्हणजे त्याचे वडील, रिटायर सुभेदार. त्यांच्या घरात ऑर्डर मागे घ्यायची पद्धत नव्हती.

"कुठला कंपायलर हाय मशीनवर?"

त्याने नाव सांगितलं. दीपमालाच्या हातातली जिलेबी थांबली.

"त्यो आमचाच हाय."

"आमचा म्हंजी?"

"जगभरातली तीस-चाळीस माणसं मिळून करतोय. त्यातली एक मी. कुंडलमधनं."

राजवर्धनने मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला. "मग शिकवा की त्याला माजी भाषा."

"आतलं घर हाय तसंच ठिवायचं आन् तुमच्या भाषेसाठी पुढं एक नवं दार काढायचं, असं काम असतंय ते. दोन महिने लागतील."

"पंचमीला दोन महिने आन् चार दिवस हायत."

"आन् ते चार दिवस कशाला?"

"तुमी आदी न्हाई म्हणाल... तर मनवायला."

ती न्हाई म्हणालीच नाही. चार दिवस तसेच शिल्लक राहिले.

काम सुरू झालं. दारातून काय काय आत येणार हे कळायला दीपमालाला त्या भाषेतले छोटे छोटे नमुने हवे होते. पहिली फाईल साडेतीन किलोबाइटची होती. मेलने अर्ध्या सेकंदात आली असती. राजवर्धन ती पेन ड्राइव्हवर घालून, रेनकोट चढवून, बुलेटवरून दीड तासाने कुंडलला पोचला. दुसरी फाईल त्याहून लहान होती. तो त्याहून लवकर निघाला.

"काय गं," दीपमालाच्या आईने, मनुबाईंनी, तिसऱ्या खेपेला पोह्यांची बशी ठेवत विचारलं, "ह्यांच्या शिराळ्यात इंटरनेट आलं न्हाई व्हय अजून?"

"रेंज कमी असती, काकी," राजवर्धन गंभीरपणे म्हणाला. त्याच्या खिशातला मोबाईल लगेच चार वेळा वाजला.

टिकली झाली, झेंडू झाला, बांगडी झाली, भाकरीसुद्धा झाली. दीपमाला एकेक नमुना दारातून आत घालायची, आणि पडद्यावर चित्र जसंच्या तसं उमटलं की तिच्या गालावर खळी पडायची. राजवर्धन चित्राकडे बघायचा नाही. चित्र त्याने आधीच पाहिलेलं असायचं.

सतरावा नमुना मोत्यांचा होता. गोल कडीत सात मोती, प्रत्येकावर वेगळा उजेड.

"हे काय?"

"कानातलं."

"कुणाचं?"

"मेढ्याला... लग्नात एकीच्या कानात बघितलं व्हतं."

दीपमालाचा हात आपोआप कानाकडे गेला. मग तिने तो किबोर्डवर आणला आणि सतराव्या नमुन्याला 'कानातलं' हे नाव देऊन तो चाचण्यांच्या यादीत घातला.

"आता जगात कुणीबी ह्या कंपायलरला हात लावला, तर आदी हे कानातलं नीट दिसतंय का ते तपासणार. मगच त्याचा बदल आत."

"म्हंजी कायमचं राहणार?"

"कायमचं."

राजवर्धन त्या दिवशी पेन ड्राइव्ह विसरून गेला. आणायला दुसऱ्या दिवशी यावं लागलं.

"पुरा नाग कवा दावणार?" ती विचारायची.

"पंचमीला. तवर न्हाई."

"तपासाय नको?"

"तुमचं दार पक्कं हाय. माजा विश्वास हाय."

कुठल्याही शहाण्या इंजिनिअरने इथे खुर्ची सोडून ओरडायला हवं होतं. दीपमाला लाजली. चूक झाली ती इथेच.

तिकडे परदेशातल्या सहकाऱ्यांनी नव्या फाईलचं नाव काय असावं यावर अकरा दिवस वाद घातला. बाराव्या दिवशी तिने सुचवलेलंच नाव ठेवलं. पंचमीच्या आदल्या संध्याकाळी नवं दार रीतसर मंजूर झालं आणि सकाळी सातला दीपमाला शिराळ्यात हजर झाली. श्रावणातली भुरभुर चालू होती. टेम्पोवर स्क्रीन चढला होता, मंडळाची पोरं फेटे बांधून तयार होती, आणि उघडी छत्री रायफलसारखी ताठ धरून आण्णा उभे होते. मिरवणूक दहाला निघणार होती.

वायरी जोडून होईस्तोवर सव्वानऊ झाले, मग राजवर्धनने बटण दाबलं.

नाग आला! खवलान् खवला झळाळत होता, फणा हळूहळू डोलत होता. फक्त फणा खाली होता आणि शेपूट आभाळाकडे.

"ह्यो नाग," आण्णा बराच वेळ बघून म्हणाले, "शीर्षासन करतोय."

दीपमालाने राजवर्धनकडे बघितलं. "तुमी उणे चिन्ह घातलं व्हतं?"

"व्हय. मेढ्यासनं आल्या आल्या. तुमाला परत सांगाय लागू नये म्हणून."

"अरं देवा... मी कंपायलरमधीच उलटवून ठिवलंय. तुमाला परत चारचौघांत मान खाली घालाय लागू नये म्हणून."

एकदा उलटवलं की सरळ. दोनदा उलटवलं की पुन्हा उलटं. आणि दोन महिन्यांत हे कळलं कसं नाही? टिकली, झेंडू, बांगडी, भाकरी, कानातलं — राजवर्धनने आणलेली प्रत्येक गोष्ट गोल होती. गोल गोष्ट उलटी केली तरी गोलच.

तेवढ्यात राजवर्धनची आई, बायडाबाई, लाह्यांचं ताट घेऊन आल्या. "काय चाललंय रं? आज पंचमी हाय. कापायचं, चिरायचं, खोडायचं काय न्हाई हां!"

"खोडत न्हाई, आई. नुसतं झाकतोय."

तो टेम्पोच्या डाव्या बाजूला पळाला, ती उजव्या. त्याने मनात म्हटलं, तिनं एवढं दार काढलं, आता आणखी तिला कशाला त्रास? त्याने आपलं उणे झाकलं, म्हणजे ओळ तशीच ठेवून मशीनला 'ही वाचू नको' अशी खूण केली. तिने मनात म्हटलं, त्याचा एवढा देखणा नाग, त्याला कशाला हात लावायला लावायचा? तिने आपलं उलटवणं झाकलं. चार मिनिटांनी नाग पुन्हा आला.

शीर्षासनात.

"मी काढलं की!" इकडून आवाज आला.

"मी बी काढलं!" तिकडून आला.

"एक पोस्ट," आण्णा छत्रीला म्हणाले, "दोन शिपाई. आन् एकमेकांना वर्दी न्हाई."

दोघं टेम्पोच्या मागे समोरासमोर आली. साडेनऊ वाजलेले. तिच्या केसांवर भुरभुरीचे थेंब, त्याच्या हाताला ग्रीस... आणि दोघांनाही हसू आवरेना.

"एकानंच उलटवायचं," ती म्हणाली. "कुणी ते सांगा."

"तुमी सांगा."

"न्हाई, तुमी. असं किती दिवस चालायचं, स्क्रीनवाले?"

तो हसायचा थांबला. "आपन रोज सांगत जाऊ एकमेकाला. कोण काय उलटवतंय ते."

"रोज?"

"रोज. मरस्तवर."

"आन् त्यापायी रोज दीड तास बुलेट?"

"एका घरात राहिलो तर... तेवढं पेट्रोल वाचंल."

भुरभुर थांबली नाही, ढोलही वाजले नाहीत. दीपमालाने ओढणीच्या टोकाने लॅपटॉपवरचे थेंब पुसले — सावकाश, एकेक. मग मान न वळवता म्हणाली,

"आवं..."

राजवर्धन जागच्या जागी थांबला. गेले दोन महिने तो 'ओ स्क्रीनवाले' होता.

"आवं, तुमचं झाकलेलंच राहू द्या. माजं मी परत घालते."

टेम्पोच्या पलीकडे बायडाबाईंच्या ताटातल्या मूठभर लाह्या सांडल्या.

दहाला पाच कमी असताना नाग उठला. फणा वर, अंगभर उजेड, डोलतोय असा की पुढची पोरं दोन पावलं मागे सरली. बायका ताटं घेऊन पुढे झाल्या, लाह्या उधळल्या. आण्णांनी छत्री मिटली आणि भिजत उभे राहिले. सुभेदार सलामीला छत्री धरत नाहीत.

बायडाबाईंनी दीपमालाच्या हातात ताट दिलं. "ओवाळ, पोरी. नाग आपला भाऊ असतोय."

दीपमालाने नागाला ओवाळलं.

"भाऊ वरचा हां," बायडाबाईंनी घाईने बजावलं, "खाली लॅपटॉप धरून बसलाय त्यो न्हाई."

मार्गशीर्षात कुंडलला लग्न झालं. पहिल्या अक्षता पडल्या, आणि मागच्या स्क्रीनवर गुलाबाच्या पाकळ्या भराभर वर उडाल्या. वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. शिवांजलीने करवलीच्या हक्काने नवरीच्या कानाशी तोंड नेलं — त्या सात मोत्यांच्या कानाशी.

"अगं, पाकळ्या वर का उडत्यात?"

नवरीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने नवरीकडे. या खेपेला दोघांनी एकमेकांना सांगून उलटवल्या होत्या.

"नवीन डिझाइन हाय," दीपमाला म्हणाली.