दोनशेवी रेघ

तास सुरू झाल्याची घंटा झाली की छिन्नी थांबायची, हा त्या कामाचा पहिला नियम होता. तास चालू असताना ठोकाठोक नाही. मधल्या दहा मिनिटांत, जिन्यावरून विद्यार्थ्यांचा लोंढा वरखाली होत असताना, काय फोडायचं ते फोडून घ्यायचं. विद्यापीठाची ती दगडी इमारत एकशे चाळीस वर्षांची झाली होती आणि एक दिवसही बंद न ठेवता तिची डागडुजी करायची, असं ठरलं होतं. “चालत्या माणसाची दाढी करायची म्हणजे काय, ते या वयात कळलं,” असं म्हणत मिस्त्री रोज सकाळी चुन्याच्या घमेल्यात पाणी ओतत.

डागडुजीच्या मंडळींतल्या सर्वांत मुखदुर्बळ तरुणाला सगळे ‘भिंग’ म्हणत. भिंतींतले तडे मोजणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी लागणारं भिंग गळ्यात दोरीने अडकवलेलं. बोलायची वेळ आली की तो ते पुसायला घेई. काम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या बैठकीतही तो चकार शब्द बोलला नव्हता. बोलले होते ते त्याचे नकाशे. एकेक दालन रिकामं करा, तेवढंच दुरुस्त करा, बाकीची चालू राहू द्या. समितीने ते मानलं, पण अट घातली : कुठलाही तडा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त रुंदावला, तर इमारत त्याच दिवशी बंद, आणि सगळे विभाग गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तात्पुरते.

“तात्पुरतं हा शब्द मी बावीस वर्षं ऐकतेय,” त्याची ताई म्हणाली होती. ती तिथेच भूमिती शिकवायची. “तात्पुरता गेलेला एकही विभाग परत आलेला पाहिला नाही मी. तेव्हा तुझ्या त्या तड्यांना जरा दम दे.”

दम देऊन ऐकणारे तडे नव्हतेच ते. त्यातून वरच्या दालनातला, खिडकीच्या कमानीपासून छतापर्यंत गेलेला तडा तर भलताच हट्टी. त्याच्या दोन्ही कडांना पितळी खुंट्या ठोकून भिंगाने त्यांवर तड्याची रुंदी मोजणारं एक गेज बसवलं होतं. घड्याळासारखी तबकडी आणि एक बारीक काटा. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे एक रेघ. दोनशे रेघा ओलांडल्या की संपलं.

ते दालन रिकामं करून त्याची जमीन उखडली, तुळयांवर फळ्या टाकल्या, आणि त्या दिवसापासून तडा उघडू लागला. रोज पाच रेघा, कधी सहा. खालची दालनं मात्र भरलेली असून स्वस्थ होती.

“वजन उतरलं की जुनी भिंत सैल पडते,” स्थापत्य अभियंता म्हणाले. म्हणून साठ माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती आणून रांगांनी ठेवली. मिस्त्रींनी पोत्यांकडे पाहून हात जोडले. “एवढी शहाणी पोरं या वर्गात कधी बसली नसतील!” काटा मात्र तसाच पुढे जात राहिला.

मग एका बुधवारी, खाली गिलावा खरवडल्याची धूळ उठली म्हणून ताई विद्यार्थ्यांना घेऊन वर आली. मुलं दाराजवळ, भिंतीपासून लांब, फळ्यांवर बसली. भिंग गेजपाशीच होता. ताईने वर्तुळाची सिद्धता मांडायला घेतली आणि काटा मागे आला. सावकाश, पण नि:संशय. मध्ये कुणीतरी खिडकीबाहेरच्या कबुतरांवर काहीतरी पुटपुटलं, हशा पिकला, तसा काटा क्षणभर सैल झाला; मुलं पुन्हा ऐकू लागली तसा परत आवळत गेला. घंटा होईपर्यंत तीस रेघा मिटल्या होत्या.

त्या संध्याकाळी त्याने वहीत तापमान लिहिलं, हवेतला ओलावा लिहिला, वाऱ्याची दिशा लिहिली. ज्या एका गोष्टीची नोंद करायची होती तिच्यासाठी रकाना नव्हता. तिचं त्याला भय वाटलं नाही; उलट लहानपणी विहिरीत खडा टाकून आवाजाची वाट पाहावी, तसं काहीसं त्याच्या मनात दाटून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने वास्तुतज्ज्ञ बाईंना आकडे दाखवले. सगळं काम त्यांच्या देखरेखीखाली चाललं होतं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“मग समितीला काय लिहू? भिंतीला भूमितीची गोडी लागलीय?”

“माणसांची ऊबही असेल,” भिंग भिंग पुसत म्हणाला.

“असेल. मग घेऊ दे की तुझ्या ताईला तिथेच तास. गुण आल्याशी कारण.”

अशा रीतीने महिना निभावला. तास होत, तडा मिटे. रात्री तो थोडा उघडे, सकाळी पुन्हा मिटे. समिती पाहणीला येणार त्याच्या आधी मात्र नेमकी तीन दिवसांची सुट्टी आली.

चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता काटा तीनशेवर होता; रोज पाच-सहा रेघांनी उघडणारा तडा तीन दिवसांत शंभरावर रेघा उघडला होता.

नियमाप्रमाणे त्याने तत्क्षणी अभियंत्यांना कळवायला हवं होतं. फोन हातात होता, नंबरही समोर होता. त्याने तो लावला नाही. त्याने ताईला फोन केला. आपण कुणाची मुलं कुठल्या भिंतीपुढे बसवतो आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि पुढची बहीण-भावाची सगळी वर्षं त्या एका फोनवर तोलली गेली होती.

“किती आहे?” अकराच्या तासाला वर येताच ताईने हळूच विचारलं.

“घे तू तास,” तो म्हणाला. “आणखी उघडला तर मी ओरडेन.”

“तू? ओरडशील?” ती किंचित हसली, पण मुलांना तिने अगदी दाराशी बसवलं. समिती बाराच्या आधी येणार होती. ताईने हजेरीची वही उघडली.

“एक.”

“हजर.”

काटा एक रेघ मागे आला.

“दोन.”

“हजर.”

आणखी एक. भिंगाने श्वास रोखला. प्रत्येक आवाजाला एक रेघ, ना कमी ना जास्त. एकेचाळीस मुलं होती. ताईने वही मिटली तेव्हा काटा दोनशे एकोणसाठवर होता.

ताई वळली आणि खडूने वर्तुळ काढू लागली. दालनात फक्त खडूचा आवाज.

काटा एक रेघ मागे आला.

मग आणखी एक. दोन रेघांमधलं अंतर तेवढंच : एक क्रमांक पुकारावा आणि कुणीतरी उत्तर द्यावं, इतकं. मधूनच काटा थबके, कुणी गैरहजर असल्यासारखा, आणि मग पुढच्याकडे वळे. भिंग मोजत होता. वीस. पस्तीस. पन्नास. मुलं वहीत वर्तुळं काढत होती. कुणीही ओठ हलवत नव्हतं.

“भिंगसाहेब,” मिस्त्री दारातून कुजबुजले, “मंडळी जिन्यात आलीत.”

दोनशे एक.

काटा थांबला.

त्याने वाट पाहिली. गैरहजरासाठी थांबावं त्याहून कितीतरी अधिक वेळ गेला. काटा मागे येईना. तो बारीक थरथरत होता, मान वर करून कुणीतरी दालनभर नजर फिरवावी तसा.

जिन्यावर बुटांचे आवाज आले.

“हजर,” भिंग म्हणाला. इतक्या हळू, की ताईनेही मागे वळून पाहिलं नाही.

दोनशे.

अभियंत्यांनी वाकून दोनदा पाहिलं. “दोनशे. बरोब्बर. अटीत बसतं.” बाईंनी सुस्कारा सोडला. “इमारत चालू राहील. सह्या खाली करू, चला.” ताईच्या हातातला खडू मोडला आणि ती ओलसर डोळ्यांनी भावाकडे बघून हसली.

बाराची घंटा झाली. एकेचाळीसही जण बोलत, हसत, पिशव्या सावरत बाहेर पडले. काटा हलला नाही.

“येतोस ना रे?” ताईने दारातून विचारलं. “सही हवीय तुझी.”

त्याने दाराकडे एक पाऊल टाकलं आणि सवयीने मागे पाहिलं. दोनशे एक. त्याने पाऊल मागे घेतलं. दोनशे.

“कागद वर पाठव,” तो म्हणाला.

ताईच्या पावलांचा आवाज जिन्याच्या तळाशी विरून गेला. खाली नियमाप्रमाणे छिन्न्या सुरू झाल्या. भिंग थोडा वेळ उभा राहिला, मग खडूच्या अर्धवट वर्तुळाकडे तोंड करून मोकळ्या फळ्यांवर बसला. आणि बसताना, आधीच बसलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून, नकळत थोडा डावीकडे सरकला.