सावळीरामच्या छातीतली टिकटिक

शेकोटीत अजून एक खोड सार रे राजू, आणि मध्येच फिदीफिदी हसायचं नाही. देवळ्याच्या सावळीरामचं सांगतोय, माझ्या जोडीदाराचं. शहाण्णव साल, दत्तजयंतीची आदली रात्र.

त्या सकाळी सावळीराम बायकोचं दहावं करायला जीपनं नाशिकला निघाला. चतुराबाई झोपेतच गेली होती. दैव बघा, सगळ्यांना धास्ती होती ती सावळीरामच्या जिवाची! मुंबईला ऑपरेशन करून त्याच्या काळजात धातूचा व्हॉल्व बसवलेला. रात्री सामसूम झाली की छातीतून टिक... टिक... ऐकू यायचं. दुसरी बाई वैतागली असती. ही रोज त्या छातीवर कान ठेवून झोपायची. म्हणायची, "हे वाजतंय तवर माझं कुकू हाय." रक्त पातळ ठेवायची गोळी रोज स्वतःच्या हातानं द्यायची. गोळी चुकली तर रक्ताची गाठ होऊन व्हॉल्व अडकेल, असं डॉक्टरनं तिला बजावलं होतं.

ती गेल्यापासून सावळीरामनं गोळीला हात लावला नव्हता. कुणाला बोललाही नव्हता. त्याला तिच्यामागं जायचं होतं, बस्स.

रामकुंडावर पिंड मांडला. कावळे ढीगभर, पण एक खाली उतरेना.

मेव्हणा गोटीराम हात जोडून म्हणाला, "आक्का, सरिताच्या बाळंतपणाला काय कमी पडू देणार नाय." कावळे ढिम्म. "तुझी गाय इकणार नाय." तरी ढिम्म.

लेक सरिता रडकुंडीला येऊन बापाला म्हणाली, "दादा, तुम्ही बोला ना. आईचं काय राहिलं असंल?"

काय राहिलं होतं ते सावळीरामला पक्कं ठाऊक. 'गोळ्या घेतो' एवढंच म्हणायचं होतं. पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडता येत नाही, आणि त्याला तर जगायचंच नव्हतं. त्यानं मान खाली घातली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. सरिता परतीच्या वाटेवर देवळ्यापर्यंत रडत होती.

रात्री घर पाहुण्यांनी भरलेलं. सावळीराम आतल्या खोलीत एकटा. कडी लावली. दिवा मालवला.

टिक... टिक...

"येतोच गं मी," तो अंधारात म्हणाला.

टिक... टिक...

आणि आवाज दबला.

थांबला नाही. दबला. भांड्यावर झाकण ठेवावं तसा.

छातीवर भार आला. गार. ओळखीचा.

त्यानं हात वर नेला... बोटांना केस लागले. ओले...

ओरडायला तोंड उघडलं. मग छातीवर काहीतरी टिपकलं. ऊन ऊन. पुन्हा टिपकलं...

ती रडत होती रे पोरांनो.

"नको गं रडू..."

...

"घेतो. रोज घेतो. तुझी शपथ."

भार उठला. टिकटिक पुन्हा खोलीभर वाजायला लागली. तेव्हा मात्र तो लहान लेकरासारखा हमसून रडला. "अगं, थांब की जराशी!" शब्द मिळाला म्हणूनच ती निघून गेली, हे त्याला शब्द देऊन बसल्यावर उमगलं.

पुढं दहा-अकरा वर्षं जगला गडी. एक गोळी चुकवली नाही. रोज रात्री सदऱ्याची बटणं उघडी टाकून पडायचा, वाट बघत. ती काही आली नाही. हे सगळं त्यानंच मला सांगितलं, आणि खरं सांगू, मी तेव्हा मनात म्हटलं, बिचाऱ्याला भास झाला असेल.

एका पहाटे तोही झोपेतच गेला. शेवटची अंघोळ मी घातली. सदरा काढला, तर ऑपरेशनच्या वणाशेजारी बाईच्या कानातल्या कुडीचा ठसा होता. मोती न् मोती उमटलेला, नुकताच उठल्यासारखा लाल. चतुराबाईच्या कुड्या तर चितेवर ठेवायच्या आधीच काढून सरिताला दिल्या होत्या, आणि सरिता अजून सासरहून पोचायची होती.