पहिल्याच प्रयत्नात उठलेला अंगठा

भिमाबाईंनी तहसीलची नोटीस स्वतःच वाचून दाखवली आणि शाहीनच्या टेबलावर आपटली.

शाहीन खामगावात खाजगी तपासाचं काम करायची. सोबतीला रंगराव होते, निवृत्त पोस्टमास्तर. माणूस सरळ, पण डोकं जरा सावकाश चालायचं.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, तिन्ही महिन्यांचं रेशन भिमाबाईंच्याच अंगठ्यावर उचललं गेलं होतं. तरीही त्यांनी धान्य न मिळाल्याची तक्रार केली. ही तक्रार खोटी असल्याने आठ दिवसांत कार्ड रद्द होणार, असं नोटिशीत होतं.

"मी दर महिन्याले गेली. दुकानदार म्हने, अंगठा उठत नाई, जा. आन् आता मशीन म्हंते, म्याच माल नेला. कार्ड गेलं त खाऊ काय? वरून गावात मले खोटारडी म्हनून राह्यले."

यंत्र काही खोटं बोलत नाही, असं रंगराव पुटपुटले. शाहीनने भिमाबाईंचा हात पालथा-उताणा करून पाहिला. कापूस वेचताना वाळल्या बोंडांची टोकं लागून बोटं चिरली होती. अंगठा तर पार गुळगुळीत झाला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं भिमाबाईंच्या गावी, वडनेर भोलजीला गेली. रेशन दुकानदार महादेवरावांनी यंत्रातून निघालेल्या तीन चिठ्ठ्या तोऱ्यात पुढे केल्या. प्रत्येकीवर तारीख होती आणि खाली छापलं होतं, 'प्रयत्न: एक'. वेचणीवाल्या बायांचे अंगठे पाच-पाच वेळा दाबूनही उठत नाहीत, त्याला आपण काय करणार, असं त्यांचं म्हणणं. नेटही सारखं जातं. बरं की सेवा केंद्रातला अविनाश दर मंगळवारी येऊन यंत्र नीट करून देतो.

अविनाशच्या केंद्रावर 'मंगळवारी बंद' अशी पाटी होती. भिमाबाईंच्या बोटांचे ठसे सप्टेंबरात त्यानेच नव्याने नोंदवले होते.

"निंदण करून बोटं झिजलेली. उठतच नव्हते, तरी मी काम करून दिलं," तो म्हणाला. "माझ्याकडून कोणी परत जात नाही." बोलता बोलता त्याने आपल्या यंत्रावर अंगठा ठेवला आणि ते लगेच उघडलं.

बाहेर आल्यावर रंगराव म्हणाले, "पोरगा कामाचा दिसतो."

"हो, फारच कामाचा," शाहीन म्हणाली. तिचा आवाज रागाने बारीक झाला होता.

आठवड्याच्या आत नायब तहसीलदारांच्या दालनात सगळे जमले. महादेवरावांना यंत्र घेऊन यायला सांगितलं होतं.

"साहेब, ऐन वेचणीत या गावातल्या कुठल्याच बाईचा अंगठा सहज उठत नाही," शाहीन म्हणाली. "भिमाबाईंचा मात्र तिन्ही वेळा पहिल्याच फटक्यात उठला. म्हणजे तो अंगठा कापूस न वेचणाऱ्याचा आहे. चिठ्ठ्यांच्या तारखा पाहा, तिन्ही मंगळवार. मंगळवारी केंद्र बंद आणि अविनाशभाऊ रेशन दुकानात. सप्टेंबरात भिमाबाईंचे ठसे उठत नव्हते, तरी नोंद पूर्ण झाली. मग ठसा दिला कुणी?"

अविनाश उठायला लागला. साहेबांनी त्याला बसवलं आणि भिमाबाईंच्या कार्डाचा नंबर टाकून यंत्र त्याच्यापुढे सरकवलं. त्याने अंगठा टेकवला.

'भिमाबाई. पडताळणी यशस्वी. प्रयत्न: एक.'

"आणि महादेवराव, तीनदा बाईचा माल पुरुषाला मोजून देताना तुमचे डोळे तर उघडे होते ना?" शाहीनने विचारलं.

दोघांवर गुन्हा नोंदवायला सांगून साहेब भिमाबाईंकडे वळले. नोटीस रद्द. ठसे पुन्हा नोंदवायचे, पण बोटं बरी झाल्यावर, म्हणजे फेब्रुवारीत.

"तवरिक?"

"तोवर वहीवर नोंद करून धान्य मिळेल. नियम आधीपासूनच आहे."

नियम होता, आणि ही बाई तीन महिने रिकामी पिशवी घेऊन परत जात होती. रंगरावांचे कान लाल झाले. साहेबांनी भरलेल्या अर्जावर अंगठा घ्यायला घाईघाईने त्यांनी टेबलावरचं शाईचं पॅड भिमाबाईंपुढे ठेवलं.

भिमाबाईंनी ते बाजूला सारलं, साहेबांच्या हातातला पेन घेतला आणि चिरल्या बोटांनी सावकाश, टपोऱ्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"चौथी शिकेल हाय मी," त्या म्हणाल्या. "कोनी इचारलंच नाई."