न ऐकलेलं रडणं

बाबांना बाळाबद्दल काहीच का वाटत नव्हतं, हे कोडं मला सुटत नव्हतं. आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून बाळाचं सगळं यंत्रदाई करायची. दूध, लंगोट, झोप, कशातच कसूर नाही. आणि आता बाबा म्हणत होते, "केतकी, उद्याच्या यानाने त्याला पृथ्वीवरच्या शिशुगृहात पाठवू. मला त्याची माया येत नाही. बाप म्हणून मी नालायक आहे."

मला बाबांचा राग आला आणि कीवही आली.

चंद्रावरच्या आमच्या वसाहतीत भिंती पातळ. रात्रपाळी करून झोपलेल्यांना त्रास नको, म्हणून प्रत्येक पाळण्यावर शांतघुमट (आवाज अडवणारं झाकण) असायचा. बाळ रडलं की भिंतीवर अक्षरं उमटायची, 'भूक लागली आहे'. याला आम्ही सभ्यपणा म्हणायचो.

माझी कालिंदीआत्या मेंदूची डॉक्टर. तिने बाबांना विचारलं, "दादा, त्याचं रडणं तू शेवटचं कधी ऐकलंस?"

बाबांना आठवेना.

"मग आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" आत्या माझ्याकडे वळली. "रडणं कानावर पडलं की अमिग्डला (मेंदूतला सावध करणारा भाग) जागा होतो. छातीत धडधडतं, चैन पडत नाही. बाळाला कुशीत घेतलं की ऑक्सिटोसिन वाढतं. ते एक संप्रेरक (शरीराने रक्तातून पाठवलेला निरोप) आहे, जवळीक वाढवणारं. असं रोज घडलं की मेंदूतल्या जोडण्याही बदलतात."

"फक्त आईच्या?"

"नाही गं. जो सांभाळेल त्याच्या. बापाच्या, दत्तक घेणाऱ्याच्यासुद्धा."

"आणि दुःखाने मनच बधिर झालं असेल तर?" बाबांनी हळूच विचारलं.

"तर वेळ लागेल, दादा. उपचारही लागतील, ते मी बघते. आधी घुमट तर काढ."

बाबांनी घुमट उचलला. बाळ जिवाच्या आकांताने रडत होतं. भिंतीवर मात्र नुसतं 'लंगोट ओला' एवढंच. मला तर भडभडून आलं. यंत्रदाई पुढे सरकली, तशी बाबांनी तिला थांबवलं. स्वतः लंगोट बदलला, सदऱ्याची बटणं काढली आणि बाळाला उघड्या छातीशी धरलं.

"माया आली का, बाबा?"

"माहीत नाही. पण याचं रडणं मला सोसवत नाही."

"सुरुवात अशीच होते," आत्या म्हणाली.

तेवढ्यात शेजारचे दिघेकाका झोपमोड झाल्याने तणतणत दारात आले. बाळाचा आवाज ऐकून क्षणभर थबकले. मग म्हणाले, "अहो, भूक लागली असेल त्याला. दूध आणू का?"

दुसऱ्या दिवशी यान बाळाला न घेताच गेलं. हळूहळू इतर घरांतलेही घुमट निघाले. आता आमच्या वसाहतीत दुपारी कुणाची धड झोप होत नाही, आणि कुणी तक्रारही करत नाही.