चष्मेवाल्याचा लाल सिलिंडर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

माझ्या मावसबहिणीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. ताई भुताखेतांच्या नादी लागणारी बाई नाही. दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. मुदत संपलेली एकही गोळी तिच्या हातून कधी बाहेर गेलेली नाही.

आणि हे रात्री घडलेलं नाही. अमावास्या, वटवाघळं असलं काही शोधत असाल तर इथे मिळणार नाही. रविवार होता, भर दुपार होती आणि बोट तलावाच्या मधोमध उभी होती.

बोट तिच्या नवऱ्याची. नात्याने तो माझा भावजी, पण त्याला अहो-जाहो करणं माझ्या जिवावर येतं, तेवढं चालवून घ्या. त्याने एक जुनी मोटरबोट घेतली, डोक्यावर पांढरी टोपी चढवली आणि सगळ्यांना सांगून टाकलं, मला कॅप्टन म्हणा. तलाव एवढासा, की या काठावर कुणी शिंकलं तर त्या काठावर ऐकू जावं.

नियम साधा आहे. ज्या बोटीचं पेट्रोलचं इंजिन झाकणाखाली बंद असतं, तिच्यावर आग विझवायचा सिलिंडर हवा. भरलेला, मुदतीतला, आणि लगेच हाताला लागेल असा पट्ट्यात अडकवलेला. एवढं समजायला फार अक्कल लागत नाही. पण धक्क्यावरच्या या दर्यावर्दींकडे तेवढीही नव्हती. सगळ्यांचे सिलिंडर गंजून गेलेले.

चालू सिलिंडर एकाचाच होता. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणायचे. बोट सोडण्याआधी तो सिलिंडर काढायचा, उलटा करायचा आणि कान लावून ऐकायचा. आतली पावडर घट्ट बसलेली नसेल तर ती सरकून खाली पडते.

सर्रर्र... धप.

मग तो समाधानाने सिलिंडर परत अडकवायचा. बाकीचे त्याला हसायचे. आणि तपासणीच्या दिवशी हेच शहाणे त्याच्याकडे लाळघोटेपणा करत यायचे. तपासनीस एका बोटीवरून उतरला की तोच सिलिंडर टॉवेलात गुंडाळून त्याच्या पाठीमागून पुढच्या बोटीवर पोचायचा. तपासनीस दर बोटीवर तोच लाल सिलिंडर बघायचा आणि मान डोलवायचा. तो काही आंधळा नव्हता. त्याला फक्त लवकर घरी जायचं असायचं.

गेल्या वर्षी तपासणी झाली आणि कॅप्टनने सिलिंडर परत दिलाच नाही. रिकामा पट्टा बरा दिसत नाही म्हणे.

त्याच आठवड्यात चष्मेवाल्याचा फोन आला. बॅटरी उतरू नये म्हणून त्याला धक्क्यावरच इंजिन थोडा वेळ चालवायचं होतं. सिलिंडर तेवढा आणून द्या, म्हणाला.

कॅप्टन जेवत होता. तोंडात घास तसाच ठेवून म्हणाला, "अहो, काही होत नाही. तुम्ही करा सुरू, मी पाच मिनिटांत आलोच."

फोन ठेवला आणि ताटात आणखी वाढून घेतलं. ताई समोरच बसली होती.

चष्मेवाला बोटीसकट जळाला.

शोकसभेत बोटीवरच्या सुरक्षिततेवर भाषण कुणी ठोकलं असेल? आमच्या कॅप्टनने. शेवटी रुमालाने डोळेही पुसले. ताईला त्या माणसाची किळस आली, ती कायमची. पण चारचौघांत ती गप्प राहिली. घरी मात्र तिने बजावलं होतं, तो सिलिंडर चष्मेवाल्याच्या घरच्यांना देऊन ये आणि स्वतःचा आण. कॅप्टन म्हणाला, चालू आहे ना, मग कशाला?

त्या रविवारी त्याने लेकीला बोटीवर न्यायचं ठरवलं. लेक सात वर्षांची. हिला या माणसाच्या भरवशावर सोडायचं नाही, एवढ्याच कारणासाठी ताई बरोबर गेली.

तलावाच्या मध्यावर त्याने इंजिन बंद केलं. डबे उघडले. लेक मागच्या बाकावर पाय हलवत बसली होती. वारा नव्हता. पाणी हलत नव्हतं.

आणि खालच्या छोट्या खोलीतून आवाज आला...

सर्रर्र... धप.

ताईच्या हातातला घास हातातच राहिला.

"दोर सरकला असेल," कॅप्टन म्हणाला.

पुन्हा... सर्रर्र... धप.

या वेळी सावकाश. कुणीतरी कान लावून ऐकत असल्यासारखा.

ताई उठली. पायऱ्या उतरून खाली गेली. खोलीत कुणी नव्हतं. भिंतीवरचा पट्टा होता, त्याची कडी घट्ट लावलेली होती. आणि पट्ट्यात...

काहीच नव्हतं.

निघताना तिने स्वतः पाहिला होता तो सिलिंडर.

ती धावत वर आली. कॅप्टनने किल्लीला हात घातला होता. ती म्हणाली, सिलिंडर नाहीये. आधी पंखा लाव, इंजिनाखालची पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ दे.

"मला शिकवू नकोस," तो म्हणाला आणि किल्ली फिरवली.

धाडकन झाकण उडालं. आग उभी राहिली. आगीच्या पलीकडे लेक, अलीकडे ताई.

आणि कॅप्टन?

कॅप्टनने पाण्यात उडी मारली होती. सगळ्यात आधी. टोपीसकट.

ताई लेकीचं नाव घेऊन किंचाळत होती. पुढे जायला वाट नव्हती. केस जळल्याचा वास येत होता.

तेवढ्यात तिच्या मागे, अगदी कानाजवळ... खटका ओढल्याचा आवाज झाला.

तिच्या खांद्यावरून पांढरा लोट सुसाटत गेला. गार. आग दबली, पसरली, पुन्हा दबली आणि विझली.

ताईने लेकीला छातीशी धरलं तेव्हा दोघी पांढऱ्याफटक झाल्या होत्या. सगळ्या बोटीवर पावडरचा थर बसला होता. फक्त ताई उभी होती तिथे, तिच्या मागे, दोन जागा स्वच्छ राहिल्या होत्या...

बुटांच्या आकाराच्या. मोठ्या माणसाच्या.

खालचा पट्टा तसाच बंद होता. सिलिंडर आजवर सापडलेला नाही.

कॅप्टनला दुसऱ्या बोटवाल्यांनी बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत तो धक्क्यावर सांगत सुटला होता, की त्याने डोकं शांत ठेवून आग कशी विझवली. लोकही ऐकत होते. त्या धक्क्यावर असलीच माणसं आहेत.

घरी अंघोळ घालताना लेक ताईला म्हणाली, "आई, तुझ्यामागे ते काका होते ना, त्यांना बाबा पाण्यातून हात करत होते. पण काकांनी तिकडे बघितलंच नाही."

ताईने तिला टॉवेल गुंडाळला आणि बराच वेळ तशीच धरून बसली.

कॅप्टनने बोट दुरुस्त करून घेतली आहे. सिलिंडर अजून घेतलेला नाही. दर रविवारी तो एकटा जातो. आधी ताई दारापर्यंत यायची, पंखा लाव म्हणून बजावायची, सिलिंडर घे म्हणून डोकं फोडायची.

आता ती काहीच म्हणत नाही. दार लावून घेते.

आजवर तो दर रविवारी धडधाकट परत आलाय. गेटची कडी वाजली की ताई हातातलं काम थांबवते, त्याची पावलं ऐकते आणि पुन्हा कामाला लागते. त्या क्षणी तिला बरं वाटतं की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.