लाल फितींची वाट

तळ्याकाठच्या झाडाला शेवटची फीत बांधून ती वळली आणि जागीच थबकली. ज्या काटेरी झाडीतून ती अंग ओरबाडून घेत वर आली होती, त्याच झाडीतून एक उंच तरुण बाहेर पडत होता. केसांत पाला, कोपरावर फाटलेला शर्ट, आणि हातात... हातात लाल फितींची नीट घडी घातलेली चळत!

"त्या... त्या माझ्या आहेत," ती कशीबशी म्हणाली.

"तुमच्या? घ्या की मग!" तो खुलला. "इतकं चांगलं कापड कुणीतरी झाडांवर विसरून गेलं होतं. मी पडलो शिंपी, मला बघवेना."

"विसरून? अहो, वाटेच्या खुणा होत्या त्या! उद्या सकाळी आमच्या गिर्यारोहण मंडळाची माणसं येणार आहेत. त्यांना वाट सापडली नाही तर मंडळ तिचा नाद सोडणार. किती भांडले मी हिच्यासाठी..."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "पण खाली पाटी आहे ना? 'दिसेल तो कचरा उचला' अशी..."

पाटी तिनेच रंगवली होती, तीही मोठ्या हौसेनं.

"आणि तुम्ही वर आलात कसे?"

"फितींच्याच मागे मागे," तो ओशाळून म्हणाला. "आधी कापडासाठी सोडवत होतो. मग... गाठींसाठी. प्रत्येक गाठ डावऱ्या हाताची. सोडवायला गेलं की अलगद सुटणारी, पण वाऱ्याला दाद न देणारी. म्हटलं, हा हात कुणाचा ते बघावंच."

तिनं डावा हात पटकन पाठीमागे लपवला. रागवायचं होतं तिला, अगदी मनापासून! पण तेवढ्यात ढग सरला आणि तिच्यामागचं तळं काठोकाठ उजळलं. त्यानं ते पाहिलं आणि तो थेट काठाशी गेला.

"हा रंग..." तो हळूच म्हणाला, "कुठल्याच ताग्यात नाही मिळायचा."

आजवर तिनं ज्यांना ज्यांना इथं आणलं, त्यांनी आधी फोन बाहेर काढला होता. हा मात्र नुसता बघत होता, तिच्यासारखाच. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"चला," ऊन कलायला लागल्यावर तो म्हणाला, "सोडवल्या मी, बांधणारही मीच. तुम्ही फक्त झाडं दाखवा."

उतरताना पुरुषभर उंचीचे नेचे तोंडावर येत होते, मुळांवरून पाय सटकत होते. तो फांद्या बाजूला धरायचा, ती त्याच्या हाताखालून वाकून पुढं जायची... जरा जास्तच सावकाश.

"इथली गाठ फार करकचून मारली होती," एका वाकड्या खोडाशी तो म्हणाला. "वैतागला होतात ना?"

"घसरून पडले होते!"

"अरेरे! आणि मी त्या गाठीला नावं ठेवली." दोघंही हसत सुटले. घाईघाईनं बांधता बांधता एका फितीवर दोघांचीही बोटं आली. कुणीच ती मागे घेतली नाहीत.

पायथ्याचं झाड आलं तेव्हा त्याच्या हाती एकच फीत उरली होती. ती त्यानं खिशात टाकली.

"अहो! ही पहिली खूण. हिच्याशिवाय वाट सुरू कुठून होते ते कळणार कसं?"

"मी उभा राहीन ना इथं."

"वेड लागलंय तुम्हाला..." ती म्हणाली खरी, पण घरी पोचेपर्यंत तिचं हसू काही मावळलं नाही.

सकाळी मंडळी आली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की झाडी आणि आभाळ एक झालं होतं. "कुठंय तुमची वाट?" अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. तिनं धुक्यात डोळे ताणले. नसलाच आला तर?

ती भराभर पुढं गेली. झाडाखाली तो उभा होता, नखशिखांत भिजलेला. कोपरावरच्या फाटक्या जागी लाल फितीचं ठिगळ होतं, बारीक टाक्यांनी शिवलेलं.

"आता सोडवता नाही यायची," तो म्हणाला. "चालेल ना?"

तिनं डाव्या हातानं ते ठिगळ चाचपलं आणि मग त्याचा हातच घट्ट धरला.

"इथून," ती मागे वळून मंडळींना म्हणाली. "वाट इथून सुरू होते."