तारे कुणी पुसले?

"तारे मीच पुसले असणार!" आजोबांनी भरलं ताट बाजूला सारलं. "उद्या मी प्रदर्शनाला येणार नाही. उगाच आग्रह करू नका."

नात मिरचीने ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. महिनाभर आजोबांच्या तोंडी प्रदर्शनाशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि आता हे? तरुणपणी ते फोटो धुण्याच्या प्रयोगशाळेत होते. अंतराळवीराच्या फिल्ममधली चित्रं त्यांनीच कागदावर छापली होती. छपाईत धुळीचे पांढरे ठिपके उठायचे. ते बारीक कुंचल्याने काळे करणं हेही त्यांचंच काम. आणि आज प्रदर्शनाच्या साहेबांनी त्या चित्रांखाली चक्क पाटी लावली होती : 'आकाशातले तारे छपाईत पुसले गेले.'

"साहेबांना कुणी सांगितलं हे?" मामेभाऊ लंबू तावातावाने म्हणाला.

"कुणी कशाला? तारे दिसत नाहीत ना, मग पुसले असतील! उचलली जीभ, लावली टाळ्याला!" मिरची फणकारली.

"साहेबांचं काय चुकलं?" आजोबा हळूच म्हणाले. "ठिपका दिसला की काळा करायचो मी. त्यातला तारा कुठला नि धूळ कुठली, मला तरी काय कळणार!"

एवढ्याशा आवाजात बोललेले आजोबा मिरचीने कधी पाहिले नव्हते. तिला रडूच यायला लागलं. पण रडून काय होणार?

"लंबू, काळा पुठ्ठा आण! पिल्लू, तुझा पांढरा रेनकोट घाल!"

"का? मी काय केलं?" धाकटा भाऊ पिल्लू घाबरला.

"तू अंतराळवीर झालास, बाळा!"

माळ्यावरच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लागल्या. पुठ्ठ्याला टाचणीने भोकं पडली, त्यामागे मिणमिणता दिवा आला. झाले तारे! सूर्य म्हणून टेबलावरचा प्रखर दिवा पिल्लूवर सोडला. मिरचीने बाबांच्या कॅमेऱ्यात उजेडाचं माप रेनकोटासाठी नेमकं जुळवलं. खट्!

फोटोत पिल्लू बटणांसकट स्वच्छ. मागे मात्र नुसता काळोख!

"अरेच्चा! तारे कुठे गेले?"

"थांब," मिरची म्हणाली, "आता कॅमेऱ्याचा डोळा दहा आकडे मोजेपर्यंत उघडा ठेवू."

आता तारे आले, पण पिल्लूच्या जागी पांढरा फटक गोळा!

"कळलं!" मिरचीने उडीच मारली. "उन्हात चकाकणारा पोशाख नीट यायला डोळा क्षणभरच उघडायचा. तेवढ्यात बिचारे मंद तारे काय उमटणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी पुठ्ठा, दिवे सगळं प्रदर्शनाच्या अंधाऱ्या कोठारात मांडलं. साहेब आले ते कडक पांढऱ्या सदऱ्यात.

"साहेब, अंतराळवीरासारखा तुमचा फोटो काढू?" मिरचीने अगदी साळसूदपणे विचारलं.

साहेबांनी लगेच केस सारखे केले. "काढा की!"

"आधी मागचे तारे मोजा हं."

"सव्वीस!"

खट्! फोटोत साहेब ऐटबाज, तारा एकही नाही.

"तुमचे तारे कुणी पुसले, साहेब?" लंबूने विचारलं.

साहेबांनी वळून तारे पुन्हा मोजले. सव्वीसच! मग मिरचीने दहा आकडे मोजून दुसरा फोटो काढला.

"तारे आले!" पिल्लू ओरडला. "पण साहेब गेले!"

"आणि मूळ फिल्म चालवून पाहिलीत का?" मिरचीने विचारलं. "तिला आजोबांचा कुंचला लागलेलाच नाही, तो फक्त कागदावर फिरला."

साहेबांनी ती पाहिलीच नव्हती! आता पाहिली. पडद्यावर अंतराळवीर तरंगत होता, मागे तोच गच्च काळोख. साहेबांनी कान पकडले, स्वतःच्या हाताने पाटी उखडली आणि मुलांबरोबर थेट घर गाठलं.

"काका, चूक माझी. न तपासता लिहिलं मी. ही पोरं नसती, तर तुमच्यावरचा आळ तसाच राहिला असता. शाबास आहे यांची!"

आजोबांनी दोन्ही फोटो खिडकीशी नेऊन निरखले. "म्हणजे... मी एकही तारा पुसला नाही?"

"एकसुद्धा नाही, आजोबा!"

आजोबांचे डोळे भरून आले. तिघांना त्यांनी एकदम कवेत ओढलं. मग घाईघाईने नाक पुसत म्हणाले, "चला, चला, आवरा! लोक खोळंबले असतील. माझी चित्रं त्यांना दुसरं कोण समजावून सांगणार?"